हेमकांताचं गोत्र

कानडी मुलखात, बसवनगुडीतल्या मुलींच्या शाळेत नयना गणित शिकवत असे. वहीत काटकोन जरा कलला तरी ती वही परत करी, आणि "असू द्या ना, बाई" म्हणायची कुणाची छाती नव्हती. अशी ही सव्वीस वर्षांची काटेकोर बाई गेले अकरा महिने एका माणसाच्या प्रेमात आकंठ बुडाली होती, आणि तो माणूस मासिकातला होता.

डॉक्टर हेमकांत त्याचं नाव. आता खऱ्या आयुष्यात कुठल्या आईनं आपल्या पोराचं नाव हेमकांत ठेवलंय? पण क्रमशः कादंबऱ्यांतल्या आयांना साधी नावं सुचतच नाहीत. हेमकांत उंच होता, कमी बोलायचा, आणि बोलण्याआधी खिडकीबाहेर बघायचा. कपाळावर केसांची एक बट यायची, ती तो कधी मागे सारत नसे. डोंगरातल्या गोरगरिबांची सेवा करायची म्हणून तो श्रीमंत बापाशी भांडून घराबाहेर पडला होता. अकरा महिन्यांत त्यानं कॉफीखेरीज काही खाल्ल्याचं छापून आलं नव्हतं, तरी तब्येत ठणठणीत होती.

मासिक पुण्याहून पोस्टानं यायचं. नयनाचा थोरला भाऊ अरविंद विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होता, मासिक त्याच्याच नावानं येई, पण अंकाची सुरळी करून माश्या मारण्यापलीकडे त्याला त्यात रस नव्हता. वहिनी प्रतिमा पाककृतीचं पान वाचून अंक ठेवून देई. त्यामुळे हेमकांत सबंध नयनाच्याच वाट्याला आला होता. अंक हाती पडला की ती आधी वेणी नीट घाली आणि मगच वाचायला बसे. यात हसण्यासारखं काय आहे? कुणी भेटायला येणार असलं, तर आपण काय गबाळ्यासारखे बसतो?

या हेमकांतापायी तिनं चार स्थळं नाकारली. कुणाचा आवाज किनरा, कुणाची मान आखूड. पाचवा पद्माकर. अरविंदच्याच कारखान्यात होता, स्वभावानं गरीब, चष्मा जाड. केसांची बट कपाळावर यायचा प्रश्नच नव्हता, कारण केस कपाळाला सोडून बरेच मागे सरकले होते. बघायला आला तेव्हा त्यानं पोहे मनापासून खाल्ले आणि वहिनीनं विचारायच्या आत बशी पुढे केली. हेमकांतानं असं मेलं तरी केलं नसतं. नयनानं तिथल्या तिथे मनातल्या मनात लाल फुली मारली.

पण अरविंदनं या वेळी बजावलं होतं. पद्माकर चार महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी इंग्लंडला निघाला होता. पुढल्या गुरुवारी मुंबईची गाडी, तिथून विमान. "त्याच्या आधी हो किंवा नाही सांग," अरविंद म्हणाला. "भल्या माणसाला टांगून ठेवायचं नाही." नयना म्हणाली, "सांगते." नाहीच सांगायचं होतं, फक्त शब्द जुळवायचे होते.

तेवढ्यात बारावा अंक आला आणि सगळं जुळवणं राहिलं बाजूला. डोंगरात साथ पसरली, रात्रंदिवस खपून हेमकांतच तापानं पडला, त्याची शुद्ध हरपली, आणि त्याच्या कपाळावर नर्सनं हात ठेवला तोच खाली 'क्रमशः'! नयनाला दोन दिवस जेवण गेलं नाही. महिनाभर तो माणूस तसाच तापात पडून राहणार. संपादकांना काही काळीज?

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ती कोपऱ्यावरच्या आंजनेयाच्या देवळात गेली. इथल्या देवळांत कुणासाठी अर्चना करायची तर त्याचं नाव, नक्षत्र आणि गोत्र सांगावं लागतं. ते नयनाला चांगलं ठाऊक होतं. पण ताप दुसऱ्याला आला की आपलंही डोकं चालत नाही.

पुजारी हयवदनाचार मूळचे धारवाडकडचे, मराठी बोलत. फुलांचं तबक उचलून त्यांनी विचारलं, "कुणाच्या नावानं, टीचर?"

"हेमकांत. बरं नाहीये त्यांना."

"सरी, बरं. नक्षत्र?"

मागे बायकांची रांग उभी होती. "स्वल्प लवकर हं," आचार म्हणाले.

"रोहिणी!" तिच्या तोंडून निघून गेलं. सत्तावीसांतलं तेच तिला सगळ्यांत देखणं वाटे.

"गोत्र?"

नयना आंजनेयाच्या तोंडाकडे बघू लागली. आचारांना दया आली. "माहीत नसलं तर काश्यप म्हणू, टीचर. ज्याला गोत्र नाही त्याला काश्यप. शास्त्रात चालतंय."

आता आली का पंचाईत! नयनाच्या घरचंच गोत्र काश्यप. म्हणजे हेमकांत सगोत्र झाला, चुलतभावासारखा झाला, आणि सगोत्रात कुठे काही... "नको, नको!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की रांगेतल्या बायका दचकल्या. "कौंडिण्य! कौंडिण्य आहे त्यांचं."

आचारांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. तीस वर्षं देवळात काढलेला माणूस होता. तरुण मुलगी परक्या पुरुषाचं गोत्र एवढ्या घाईनं आपल्या गोत्रापासून दूर नेते तेव्हा काय समजायचं, ते ते समजले आणि मनापासून मंत्र म्हणू लागले.

पुढच्या आठवड्यात अरविंदला बढती मिळाल्याबद्दल घरी सत्यनारायण होता. सांगायला अर्थातच हयवदनाचार. जाण्याआधी भेट व्हावी म्हणून पद्माकरलाही बोलावलं होतं. तो सतरंजीच्या कडेला पाय पोटाशी घेऊन बसला होता. नयना समया पुसत होती. उद्या सकाळी दादाला नाही म्हणून सांगायचं, असं तिनं पक्कं केलं होतं.

संकल्प सुरू झाला. अरविंदच्या तळहातावर पाणी. आचार घरातल्या एकेकाचं नाव घेत होते. अरविंदचं झालं, प्रतिमावहिनीचं झालं, नयनाचं झालं. आणि मग आवाज जरासा चढवून, कौतुकानं नयनाकडे बघत, आचारांनी म्हटलं, "कौंडिण्यगोत्रोत्पन्नस्य, रोहिणी नक्षत्रे जातस्य, हेमकांतनामधेयस्य, शीघ्रं आरोग्यप्राप्त्यर्थं..."

अरविंदच्या हातातलं पाणी धोतरावर सांडलं. "हा कोण?"

"आमच्या टीचरचे ते," आचार प्रेमानं म्हणाले. "फार ताप होता. आता बरे आहेत का, टीचर?"

नयनाच्या हातातली वात तेलात बुडाली. पद्माकरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. पूजा पुढे कशी पार पडली ते सत्यनारायणालाच माहीत. आरती झाली, प्रसादाचा द्रोण पद्माकरच्या हाती देऊन अरविंदनं त्याला पुढच्या खोलीत बसवलं आणि बहिणीला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं.

"कोण हा हेमकांत?"

नयनाला खोटं बोलता येत नसे, हा तिचा जुना दोष. "डॉक्टर आहे."

"डॉक्टर?" अरविंदचा आवाज एक पट्टी उतरला. "कुठे असतो?"

"डोंगरात. गोरगरिबांसाठी दवाखाना चालवतो."

"घरी कोण आहे?"

"वडील आहेत, श्रीमंत. पण पटत नाही दोघांचं."

"लग्न झालंय?"

"नाही," नयना म्हणाली आणि नर्सची आठवण होऊन तिचा चेहरा पडला. "म्हणजे अजून तरी नाही."

वहिनी पुढे सरकली. "अहो, कौंडिण्य म्हणाले ना आचार? मग गोत्राची काही अडचण नाही!"

अरविंद पाटावर बसला. रागवायचं म्हणून आलेला माणूस, पण बहीण सुखात पडताना दिसली तर भावाचा राग किती टिकणार? "अगं वेडे," तो मऊ आवाजात म्हणाला, "आधी सांगायचंस की. मी काय वाघ आहे? पद्माकरला मी समजावतो. तू त्या हेमकांताचा पत्ता दे, आजच पत्र टाकतो."

पत्ता! नयनाच्या डोळ्यांत पाणी आलं. दादानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर परवडलं असतं. ती उठली, वह्यांच्या गठ्ठ्याखालून अंक काढला आणि त्याच्या हातात दिला.

"पान त्रेपन्न," ती म्हणाली.

अरविंदनं पान त्रेपन्न उघडलं. वर चित्र होतं, कपाळावर बट असलेलं. तो वाचत गेला, वहिनी खांद्यावरून वाचत गेली. आधी वहिनीला हसू फुटलं. ती तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकली. मग अरविंद हसला आणि हसतच सुटला. "ताप... अर्चना... अगं, याला क्विनाइन संपादक देईल!" डोळे पुसता पुसता तो म्हणाला, "जन्मभर पुरेल आम्हाला हे!"

जन्मभर पुरणार होतं, यात शंका नव्हती. दर दिवाळीला, दर पाहुण्यासमोर. नयना उभी होती तिथे तिला फार एकटं वाटलं. तो खरा नाही हे काय तिला कळत नव्हतं? काटकोन नव्वदचा असतो हे कळतं, तितकंच तेही कळत होतं. पण त्याला ताप आला तेव्हा तिचा जीव खरोखर तुटला होता. त्याचं काय करायचं?

बाहेर हसणं ऐकू जात होतं. दादानं ही हकिगत रंगवून सांगण्याआधी आपणच सांगावी, म्हणून ती डोळे पुसून पुढच्या खोलीत गेली. पद्माकर रिकामा द्रोण हातात धरून बसला होता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मासिक, अकरा महिने, रोहिणी, कौंडिण्य, एका दमात. आणि तो कधी हसतो याची वाट बघत राहिली.

पद्माकर हसला नाही. त्यानं विचारलं, "मग आता कसा आहे तो?"

नयना बघतच राहिली. "माहीत नाही. पुढचा अंक यायला अजून पंचवीस दिवस आहेत."

"पंचवीस दिवस म्हणजे फार झाले," तो म्हणाला. "तोवर मी तिकडे असेन. वाचेल का हो तो? म्हणजे, तुमचा अंदाज?"

"वाचायला हवा."

"हं." त्यानं द्रोणाची कड दुमडली, उलगडली. "नक्षत्र छान निवडलंत. माझं मूळ. निवडायला मिळालं असतं तर मीही रोहिणीच घेतलं असतं." मग खाली बघत म्हणाला, "आठ वर्षं विमानं बनवतोय, पण बसलो एकदाही नाही. त्याच्यात काय काय बिघडू शकतं ते सगळं पाठ आहे ना. गेला आठवडाभर झोप नाही. कारखान्यात सांगायची सोय नाही, हसतील."

हेमकांताला कसलीच भीती वाटत नसे. अकरा महिन्यांत एकदाही वाटली नव्हती. नयनाला हे पहिल्यांदाच जरा कमी वाटलं.

"तुमचं उत्तर मला कळलंय," पद्माकर उठत म्हणाला. "अरविंदरावांना मी सांगतो, त्यांनी तुम्हाला बोलू नये."

"उत्तर मी अजून दिलेलं नाही," नयना म्हणाली. वर्गात म्हणावं तसं जरा करड्या आवाजातच म्हणाली. "गोत्र कोणतं तुमचं?"

"अत्री," तो गोंधळून म्हणाला आणि चपला उलट्या पायांत घालून गेला.

गुरुवारी तो मुंबईला गेला. शुक्रवारी दुपारी नयनानं वर्गात फळ्यावर त्रिकोण काढला, तोही वाकडा आला. तेव्हा विमान कुठे असेल, याचा ती हिशोब करत होती. शनिवारी ती देवळात गेली.

हयवदनाचार तबक घेऊन तयारच होते. "हेमकांत, रोहिणी, कौंडिण्य. पाठ आहे मला, टीचर."

"आज दोघांचं करायचंय," नयना म्हणाली. "पद्माकर. मूळ नक्षत्र. अत्री गोत्र."

आचारांचे हात थांबले. त्यांनी एकवार आंजनेयाकडे पाहिलं, जणू त्या ब्रह्मचाऱ्याची माफी मागत होते. मग खालच्या आवाजात विचारलं, "आधी कुणाचं?"

"पद्माकरांचं," नयना म्हणाली. "तो दुसरा थांबेल. त्याला महिना महिना थांबायची सवय आहे."