डावीकडे ओढणारी सायकल

पार्सलं पोचवायच्या सायकलचा हा माझा तिसरा नमुना. मागे मोठी पेटी, चाचणीसाठी तिच्यात साठ किलो विटा भरलेल्या. डिलिव्हरी करणारी एक पोरगी चालवून बघायला आली होती. गल्लीतून फेरी मारून परतली आणि म्हणाली, "काका, गाडी डावीकडे ओढतेय."

माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं सायकली बनवतोय मी! तिच्यादेखत दोरी लावून चाकं तपासली. दोन्ही एका रेषेत. मग स्वतः चालवून दाखवली. नाकासमोर सरळ गेली.

"बघितलंस?"

"बघितलं ना. तुम्ही उजवीकडे कलून बसता, काका."

काहीतरीच! पण मोजून पाहिलं, तर पेटी खरंच दोन बोटं डावीकडे होती. चालवून बघत, सरळ वाटेपर्यंत सरकवत, मीच ती बसवली होती.

बायको तीस वर्षं माझ्या कॅरिअरवर बसली, दोन्ही पाय डावीकडे सोडून. तिचा भार तिकडे, म्हणून मी इकडे. वळणावर मी वेग कमी केला नाही, की "हळू!" म्हणत पाठीत गुद्दा घालायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. माझ्या कमरेला कुणी कळवलंच नाही.

पेटी मधोमध आणली. पोरगी खुशीत हात सोडून चालवत गेली.

संध्याकाळी माझ्या जुन्या सायकलवर घरी निघालो. कॅरिअर रिकामंच. वळण आलं. मी मुद्दामच वेग कमी केला नाही.