परत आलेली ओटी

शेजारच्या सीटवरचा नारळ प्रत्येक वळणावर गडगडत होता. ॲन आर्बरच्या निसरड्या रस्त्यावर सुनेत्रा एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने नारळ सांभाळत होती. भरलेली ओटी परत करायला निघालेली बाई तिच्या सात पिढ्यांत झाली नसेल.

सुनेत्रा डेट्रॉइटच्या एका वर्तमानपत्रात शोधपत्रकार होती. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधावर धोक्याची सूचना छापायची की नाही, हे ठरवणाऱ्या सरकारी समितीत डॉक्टर पुरुषोत्तम होते. आणि तेच औषध विकणाऱ्या कंपनीच्या लॉबीवाल्यांनी त्यांना सपत्नीक हवाईला फिरवून आणलं होतं. कंपनीतल्याच एकाने हे तिच्या कानावर घातलं, पण नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्याने हात वर केले. "नावानिशी सांगणारं कुणीतरी आण," संपादक फ्रँकने बजावलं. समितीचं मतदान दोन दिवसांवर आलं होतं.

काल ती डॉक्टरांच्या घरी मुलाखतीला गेली. मराठी मंडळाच्या पिकनिकमध्ये लहानपणापासून पाहिलेले हे काका. ही ओळख तिने फ्रँकला आधीच सांगितली होती. काकांनी सगळं साफ नाकारलं. ट्रिप म्हणे स्वखर्चाने केली. निघताना वसुधाकाकू कुंकवाची कोयरी, नारळ, खण, तांदूळ घेऊन आल्या.

"काकू, आमच्या पेपरचा रूल आहे. सोर्सकडून कॉफीसुद्धा घ्यायची नाही."

"ओटी म्हणजे काय कॉफी आहे?" म्हणत काकूंनी ओंजळ रिकामी केली. सोफ्यावर बसलेले काका नुसते हसले.

आज सकाळी कंपनीच्या वकिलाचा फ्रँकला फोन आला. तुमची बातमीदार ज्याच्याविरुद्ध लिहितेय, त्याच्याच घरून भेटवस्तू घेते! फ्रँक भडकला. आत्ताच्या आत्ता परत कर, नाहीतर बातमी बासनात. दुसऱ्यांनी काय काय घेतलं ते शोधत फिरणाऱ्या सुनेत्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दार काकूंनीच उघडलं. नारळ आणि खण पाहून त्यांचा चेहरा पडला.

"ओटी परत करतात का गं कुणी? माझं काय चुकलं?"

"तुमचं काही नाही, काकू. पण तुम्ही ओटी भरलीत ते कंपनीच्या वकिलाला कळलंय. घरात आपण तिघंच होतो."

आतून काकांचा फोनवरचा आवाज येत होता. "डोंट वरी, द स्टोरी इज डेड," ते हसून कुणाला तरी सांगत होते.

काकूंनी स्वेटरखालून पदर ओढून घेतला, पसरला आणि आपलीच ओटी त्यात परत घेतली.

"हवाईत हॉटेल सोडताना आमचे हे बिल द्यायला गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, कंपनीने ऑलरेडी पे केलंय. मी शेजारीच उभी होते."

सुनेत्राला रडू आलं. तिला बातमी हवी होती. ती अशी नको होती. "काकू, हे तुमच्या नावासकट छापून येईल. मंडळात, सगळीकडे..."

"ती खोकल्याची बाटली मी शेजारच्या तान्ह्या पोरीला दिलीय. ह्यांनीच सेफ म्हणून सांगितलं होतं."

आत फोन ठेवल्याचा आवाज झाला. "वसुधा, कोण आलंय?"

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही.

"ते यायच्या आत लिहून घे," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा या घरी येऊ नकोस, बाळा. मला ओटी भरल्याशिवाय राहवायचं नाही, आणि तुला ती घेता यायची नाही."