शेवटच्या तबकडीवर जर्जी गप्प होते

जर्जी उस्तादांचा आवाज मी आधी ऐकला, माणूस कितीतरी नंतर पाहिला. चावीच्या ग्रामोफोनवर नजलामावशीचं गाणं लागे. तिची तान वर जाऊन, पिकल्या पानासारखी डुलत खाली उतरली की ऊद या तंतुवाद्याच्या तारांमागून हाक यायची, "अल्लाह! नजला, जीव घेतलास!" मी लहान होते, त्या लाकडी पेटीमागे जाऊन तो माणूस शोधायचे.

आमच्या अलेप्पोत गाणाऱ्याला दाद न देणं म्हणजे दारी आलेल्याला पाणी न विचारणं. घरच्या मैफलीत दाद देणारे ढीगभर. पण बैरूतला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कोण? भिंतींना जाड कापड आणि समोर आवाज टिपणारा मुका कर्णा. म्हणून साथीदारांतल्याच कुणी दाद द्यायची, अशी रीत. मावशीच्या तबकड्यांवर ती ऊद वाजवणाऱ्या जर्जींची. त्या एका शब्दावर पाय ठेवून मी पुढची ओळ चढते, असं ती म्हणायची.

शेवटच्या तबकडीवर तो शब्द नाही. दोन्ही बाजू ऐका. ऊद वाजतो आहे, वाजवणारा गप्प.

बैरूतहून मावशी परत आली ती पुन्हा गायलीच नाही. लोक म्हणाले, आवाज गेला. कुणी म्हणालं, मिजास आली. खरं तिनं मला एकदाच सांगितलं, पिस्ते सोलता सोलता. जर्जीला खोटी दाद देता येत नाही, म्हणून तो गप्प बसला. ज्यानं मला ऐकलं त्यालाच रुचलं नाही, तर मग गायचं कुणासाठी, पोरी?

विचारायला ती गेली नाही. जर्जीही आले नाहीत. मधे दोनच गल्ल्या होत्या, पण केस पांढरे झाले तरी त्या सरल्या नाहीत.

यंदा जर्जींची बायको मतील गेली. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि ते आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. मावशीनं सुतकाची कडू कॉफी दिली. तुझं पोट ऊदपेक्षा मोठं झालं की, म्हणाली. ऊद विकला, पोटाला गिऱ्हाईक मिळेना, असं ते म्हणाले. दोघं हसली.

मग मावशीनं स्वतःशीच बोलावं तसं, खाली बघत विचारलं, "इतकी वाईट गायले होते का रे मी?"

जर्जींनी पेला खाली ठेवला.

"वाईट? अगं, त्या दिवशी इतकं सुंदर गायलीस, की तोंड उघडलं असतं तर दाद नसती आली, हुंदका आला असता. तबकडीवर कायमचा कोरला गेला असता. आणि तुझी प्रत्येक तबकडी मतील हौसेनं लावायची गं. त्या भल्या बाईला कसं ऐकवायचं होतं, नजला, की मी संसार तिच्याशी करतोय आणि जीव तुझ्यावर आहे?"