काउंटरखालचं पेडल

गिटारवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि का जाऊ नये? कालच्या कार्यक्रमात ऐन तिच्या एकटीच्या तुकड्याला पायाखालचं पेडल मेलं. पेडल म्हणजे पायाने दाबायचा तो लोखंडी डबा. दाबला की गिटारचा आवाज घुमतो, धारदार होतो. याने आवाजच गिळला. मागच्या महिन्यातल्या डब्याने तेच केलं होतं, म्हणून तर हा नवा घेतलेला. बँड तिच्या सख्ख्या काकांचा, पण काकांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "उद्या परत आवाज गेला, तर तू खाली बसून टाळ्या वाजव."

टाळ्या वाजवायला का तिने लहानपणापासून बोटं सोलून घेतली होती? दोन्ही मेलेले डबे पिशवीत टाकून ती सकाळीच, ते जिथून घेतले होते त्या दुकानात धडकली. बरोबर नवरा. बिचाऱ्याला गिटारला तारा किती हेही धड सांगता आलं नसतं, तो आपला गाडी चालवायला आलेला. पण दुकानदार बोलायला लागला तो त्याच्याशीच. म्हणे ताईंचा पाय जरा जोरात पडत असेल, आता हे घेऊन जा, डोळे मिटून घ्या, एकदम भरवशाचं. आणि नवरा मान डोलावतोय! मागची दोन डोळे मिटूनच घेतली होती की.

तिने नवी पेडलं स्वतःच तपासायला घेतली. एकाची वायर खोचून जराशी हलवली तर खरखर. दुसरं जमिनीवर ठेवून दाबलं, तर दुकानदार धावत आला, नव्या मालावर पाय देऊ नका म्हणाला. आता बोला! पायाने दाबायची वस्तू, आणि पाय द्यायचा नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक गिटार वाजवून बघायला आलं. दुकानदाराने सवयीने काउंटरखालचं एक पेडल पुढे सरकवलं. रंग उडालेला, कोपरे चेपलेले. गिऱ्हाइकाने त्यावर दाणकन बूट आपटला आणि असा स्वच्छ आवाज उठला की तिच्या अंगावर काटा आला. तिने विचारलं तसा दुकानदार मोठ्या अभिमानाने सांगून बसला, की दुकान उघडल्यापासून येईल तो यालाच तुडवतो, पण एकदा दगा देईल तर शपथ.

"हेच द्या," ती म्हणाली.

"ते विकायचं नाही हो ताई. ते गेलं तर माझं दुकान अडेल."

"म्हणजे भरवशाचं कुठलं ते तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. आणि माझं अडलं तर चालतंय."

नवरा मध्ये पडायला खाकरला. तिने नुसतं बघितलं, तो दाराकडे सरकला. ती गुडघ्यांवर बसली, जुन्या पेडलच्या वायरी उपसल्या आणि ते बगलेत मारलं.

"अहो, मग मी गिऱ्हाइकांना कशावर ऐकवू?"

तिने पिशवीतले दोन्ही मेलेले डबे काउंटरवर आदळले.

"यांच्यावर ऐकवा. डोळे मिटून."

दुकानदाराने आशेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिशात गाडीची किल्ली शोधत होता.