सिप्पोराच्या हंडीत काय शिजलं

"सिप्पोराच्या हंडीत म्हणे काल डुकराचं..."

पुढचं ऐकूच आलं नाही. हौदावर कुणीतरी घागर आपटली आणि त्या दोघी कुजबुजायला लागल्या. माणसांची ही खोड मला मुळीच आवडत नाही. मोठ्याने सुरू करायचं आणि ऐन रंगात आलं की तोंडावर हात धरायचा!

कारण ती हंडी म्हणजे मीच. मातीची, काळवंडलेली, अंत्युखिया शहरातल्या आमच्या अंगणात कठड्यावर पालथी घातलेली. माझ्या पोटात काय शिजलं ते अख्ख्या आळीला ठाऊक, आणि मला विचारायला कुणी येईल तर शपथ!

नदीकाठच्या कुंभाराच्या आव्यात मी भाजून निघाले. सिप्पोराच्या नवऱ्याने मला बोटांनी वाजवून पाहिलं आणि घरी आणलं. तो गेला, मी राहिले. सिप्पोरा यहुदी. येशूला मानायला लागली तरी खाण्यापिण्याचं आईचं सोवळं तिने सोडलं नाही; डुक्कर तर वर्ज्यच. तांब्याचं भांडं बाटलं तर उकळून, घासून पुन्हा चालतं. मातीला ती सोय नाही. आम्ही चव पिऊन घेतो. बाटलो की फुटलो, संपला विषय.

दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी तिच्या खोलीत येशूची माणसं जमत. यहुदी आणि ग्रीक एका पंगतीला. माझ्यातलं मसुराचं कालवण सगळ्यांना पुरायचं, आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

त्या आठवड्यात सिप्पोरा तापाने फणफणली होती. खालच्या मजल्यावरची त्रिफैना वर आली. ही ग्रीक. पण सिप्पोराच्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवणारी हीच, दुसरं कुणी नाही. तिने चूल पेटवली, मसूर शिजवला, सगळ्यांना वाढलं. सगळे बोटं चाटत गेले.

आणि दुसऱ्या दिवशी हौदावर ते डुक्कर!

संध्याकाळी सिप्पोराचे दीर मत्तथ्या जिना चढून आले. तेही येशूलाच मानणारे, पण नियमाला पक्के.

"वहिनी, ती हंडी फोडा. आणि त्या लोकांबरोबर जेवणं बंद."

"भाऊजी, बसा तरी."

"बसतो कसला! आईने पाहिलं असतं तर?"

तेवढ्यात त्रिफैनाचा नवरा लिसियास आला. याला येशूच्या शिकवणीतला 'मोकळे झालात' एवढा एकच शब्द पाठ.

"फोडता कशाला? उलट आता उघडउघड डुक्कर शिजवू हिच्यात! देवाने दिलेलं सगळं शुद्धच. सिप्पोराबाई, तुम्ही एक घास खाऊन दाखवा, मग कळेल तुमचा विश्वास किती तो."

"मला मोकळं केलंय ना?" सिप्पोरा म्हणाली. तिचा आवाज तापाने बसलेला. "मग खायची सक्ती का?"

"हे जुनं जोखड झालं!"

"आणि तुमचं नवीन!" मत्तथ्या ओरडले.

मी कोपऱ्यात बसून चरफडत होते. एकाला मला फोडायचं, दुसऱ्याला मला बाटवायचं. आत डोकावून पाहायचं कुणालाच नव्हतं. आणि आजारी बाई दाराची चौकट धरून उभी आहे, तिला कुणी पाट दिला नाही. सिप्पोरा आणि त्रिफैनाने पुन्हा एका ताटात जेवायचं की नाही, एवढाच खरा प्रश्न होता. तो कुणी विचारला? छे!

शेवटी त्रिफैनाच रडत वर आली.

"डुक्कर नव्हतं हो! मसूरच होता. पण ढवळायला मी घरची लाकडी पळी आणली. तीच पळी आमच्या डुकराच्या रश्श्यात असते. अर्ध्यात लक्षात आलं. काय करू म्हणून हौदावर एकीला विचारलं, तर तिने अख्खं डुक्करच घातलं!"

मत्तथ्या आणि लिसियास दोघेही एकदम, "बघा, मी म्हणत नव्हतो!"

एका पळीने दोघेही जिंकले.

"आजपासून या घरची पळी वेगळी," त्रिफैना डोळे पुसत म्हणाली. "आणि माझ्या चुलीवरही डुक्कर चढणार नाही. उद्या हिने पाणी मागितलं तर माझ्या हातून निर्धास्त घेता आलं पाहिजे."

"अगं, आपण मोकळे आहोत ना?"

"अहो, मोकळी आहे म्हणूनच सोडतेय. तुमच्याच्याने सुटत नाही, मग बांधलेलं कोण?"

सिप्पोराने तिला जवळ ओढलं. मग खिळा घेतला आणि माझ्या बुडाला हळूच भोक पाडलं. भोक पडलं की भांडं भांडं राहत नाही, मग विटाळ कुणाला व्हायचा? दुखलं. पण फोडवलं नाही तिला, हे मला कळलं.

आता मी खिडकीत असते. पोटात माती आणि कोथिंबीर. चुलीवर नवी हंडी आहे, त्रिफैनाने आणलेली. त्या दोघी एका ताटात जेवतात. मत्तथ्या मात्र अजून दाराबाहेरच उभे, भांडं फोडलं नाही म्हणून. लिसियास आत, पण तोंड फुगवून, नव्या हंडीतही डुक्कर शिजलं नाही म्हणून. मधे पंगत खोळंबलेली.

अहो, वाद नंतर घाला. आधी पानावर बसा दोघे. कालवण गार होतंय.