दोन गाऱ्हाण्यांचा नारळ

कानाशी धरून हलवा मला. आत डुचमळतंय ना? तोच माझा आवाज. मी नारळ बोलतोय. मूळचा देवगडकडचा, पण सध्या मुक्काम आयर्लंडच्या समुद्रात. मुक्काम तरी कसला म्हणायचा! लाट वर उचलते, खाली आपटते, पुन्हा उचलते. घडीभर स्वस्थता नाही. त्यात एका आईनं माझ्या शेंडीला एक सोडून दोन गाऱ्हाणी बांधली आहेत.

माझा जन्म वनमालाबाईंच्या माहेरच्या माडावर झाला. आम्ही अकरा भावंडं गोणीत बसून अंधेरीला मरोळच्या त्यांच्या घरी आलो. बाकीच्या दहा जणांचं काय झालं ते सांगवत नाही. सोलकढीचं नाव काढलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. मला मात्र बाईंनी चारदा हलवून पाहिलं आणि सिलिंडरमागे वेगळं ठेवलं. महिनाभर मी तिथे जीव मुठीत धरून होतो.

बाईंचा एकुलता एक मुलगा यज्ञेश कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी डब्लिनला गेलेला. एका सुट्टीत तो बंडोरन नावाच्या समुद्रकाठच्या गावी फिरायला गेला. तिथे माणसं लांब फळीवर उभी राहून लाटेवरून घसरत किनाऱ्याला येतात. हा ते शिकला, त्याचं वेड लागलं, आणि नोकरी सोडून तिथेच राहिला. आता आलेल्यागेलेल्यांना तेच शिकवतो. फोनवर हे ऐकलं तेव्हा बाई सिलिंडरला टेकून खालीच बसल्या.

"आपल्या घरानं दर्या सोडलाय रे! आणि तू परत तिथेच कडमडायला गेलास?"

"आई, एकदा येऊन बघ तरी. तिकीट काढतो."

"येते ना. तुला न्यायलाच येते."

त्या उगाच चिडल्या नव्हत्या. त्यांचे वडील होडीवाले. एकदा पाण्यात गेले ते चार दिवस आलेच नाहीत. पाचव्या दिवशी आले, धडधाकट आले, पण बाईंच्या आईनं त्याच आठवड्यात बिऱ्हाड मुंबईला हलवलं आणि नवऱ्याला गिरणीत चिकटवलं. ते चार दिवस सात वर्षांच्या वनमालानं उंबऱ्यावर बसून काढले होते. माणसं काय काय विसरतात, पण वाट पाहिलेली विसरत नाहीत.

तर मी पंच्यात गुंडाळून बॅगेत गेलो. डब्लिनच्या विमानतळावर एका लालबुंद साहेबानं मला बाहेर काढलं. बाईंनी त्याला खुणेनं शिकवलं, तसं त्यानं मला कानाशी धरून हलवलं आणि हसून परत दिलं.

बंडोरन म्हणजे एक लांब रस्ता, जत्रेतल्यासारखे पाळणे, खेळांची दुकानं, आणि खाली समुद्र. ऑगस्ट म्हणजे तिथला उन्हाळा, तरी वारा असा की बाईंनी साडीवर स्वेटर, स्वेटरवर यज्ञेशचं जाकीट चढवलं. तो फळी घेऊन गेला की त्या खिडकीशी उभ्या. मला उचलायच्या, हलवायच्या, ठेवायच्या. चहा गार व्हायचा. तो परत आला की त्याच्यावरच खेकसायच्या.

मग नारळी पौर्णिमा आली. बाईंना वडिलांचा हिशेब तोंडपाठ होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दोन वाजता ओहोटी चांगली ओढत असणार, नारळ थेट आत जाणार. दोनच्या ठोक्याला आम्ही पुळणीवर हजर.

यज्ञेशचे पाचसहा विद्यार्थी रबराचे काळे कपडे घालून भोवती जमले. त्यानं त्यांना दोन शब्द पढवून ठेवले होते. गाऱ्हाणं घालणं, म्हणजे देवाकडे सगळ्यांदेखत मागणं मागणं, हे गावी पुरुषांचं काम, पण बाईंनी वाऱ्यापेक्षा मोठा आवाज काढला.

"बा दर्या म्हाराजा! ह्यो नारळ मान्य करून घे, आणि माझ्या झिलाक मुंबयक परत धाड!"

"व्हय म्हाराजा!" ते गोरे एका सुरात ओरडले. आपण कशाला हो म्हटलं, हे बिचाऱ्यांना कुठे ठाऊक! यज्ञेशला ठाऊक होतं. तो फळीवरची वाळू झटकत राहिला.

बाईंनी मला फेकलं. पाणी बर्फासारखं. मी दोन गटांगळ्या खाल्ल्या, एका लाटेवर चढलो आणि गडगडत बाईंच्या पायाशी आलो. त्यांनी पुन्हा टाकलं. मी पुन्हा आलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"घेत नाय रे तो. माझा नारळ घेत नाय."

"आई, तू पाऊणपट धरलीस ना? तो हिशेब आपल्याकडचा. इथे आत्ताच भरती लागलीय. संध्याकाळपर्यंत चढतच राहणार. दे, मी आत नेऊन सोडतो."

"नको!"

"मग नारळ जायचा कसा?"

बाई मला पोटाशी धरून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या छातीतली धडधड ऐकत होतो. मुलगा पाण्यातून बाहेर यावा म्हणून आणलेला नारळ, आणि तो पोचवायला त्यालाच पाण्यात धाडायचं! मग त्यांनी कमरेची पुडी काढली आणि वडिलांच्या होडीला लावायच्या तसं बोटभर कुंकू त्या फळीच्या टोकाला लावलं. मला यज्ञेशच्या हातात दिलं. आता आवाज अगदी बारीक झाला होता.

"बा म्हाराजा, माझो झील तुझ्याकडे येता. जसो येता, तसो सांजवेळेक घराक धाड."

"व्हय म्हाराजा," या वेळी यज्ञेश म्हणाला. एकटाच.

लाटा फुटतात त्याच्या पलीकडे नेऊन त्यानं मला सोडलं. वळला, एका लाटेवर उभा राहिला आणि दिसेनासा झाला. पुढच्या लाटेनं मला उंच नेलं तेव्हा दिसलं, बाई साडीसकट गुडघाभर पाण्यात शिरल्या होत्या आणि त्यांनी त्याच्या फळीचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

पहिलं गाऱ्हाणं रद्द झालं की नाही, ते बाईंनी मला सांगितलं नाही. आता माझी शेंडी झडत आलीय, आत खारं पाणी झिरपू लागलंय. तरी रोज सकाळी त्या काळ्या कपड्यांच्या गर्दीत मी एक फळी शोधतो आणि दुसरं गाऱ्हाणं घालतो.

कधी त्या किनाऱ्यावर गेलात आणि मी वाळूत पडलेला दिसलो, तर प्रसाद म्हणून फोडू नका. उचला आणि ओहोटी बघून पुन्हा आत लोटा. पोर अजून पाण्यात असेल.