आईचा घसा बसला तेव्हा

बिट्टीला वाचता येत नाही, हे तिच्या आईला कळलं ते शाळेतल्या बाईंकडून. वाचन ऐकताना बाईंकडून चुकून दोन पानं एकदम उलटली गेली, आणि बिट्टीने मधलं पान न अडखळता म्हणून दाखवलं.

"पाठांतर झकास आहे हो," बाई म्हणाल्या. "पण पुढच्या वर्गात पुस्तकं जाड होतात. तेवढी कशी तोंडपाठ करून घेणार?"

पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून आई तिला वाचून दाखवत आली होती. आता नवं पुस्तक आणलं, रोज संध्याकाळी शेजारी बसवलं. पण बिट्टी जरा अडली की आईचीच जीभ वळवळे आणि शब्द सांगून मोकळी होई. पोरही बिलंदर. पुस्तकाकडे कमी, आईच्या ओठांकडे जास्त बघायची.

"घास भरवायचा तो भरवायचा, वर चावूनही द्यायचा का गं?" सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या.

"अहो आई, रडते ती."

"ती रडते की तुला बघवत नाही?"

रविवारी आईचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं. पुस्तकातली शेळी नेमकी छपरावर अडकली होती.

"पुढे काय झालं?" बिट्टीने विचारलं. आईने गळ्याला हात लावला.

"मग आजी, तू वाच."

"माझा चष्मा कुठे गेलाय कोण जाणे," आजी म्हणाली. चष्मा नाकावरच होता.

बिट्टी फुरंगटली. पुस्तक मिटलं. पण शेळी काही डोक्यातून जाईना. थोड्या वेळाने तिने ते पुन्हा उघडलं.

"शि… शिडी घे… घेऊन…"

ती अडली आणि सवयीने वर बघितलं. आईचे ओठ हललेच होते. तिने चटकन पदर तोंडावर धरला. त्या जाड पुस्तकांपाशी एक दिवस ही एकटीच बसलेली असेल, तेव्हा कुणाच्या तोंडाकडे बघेल?

बिट्टीचे डोळे भरले. आईचेही. खोलीत फक्त भाजीची देठं मोडल्याचा आवाज. मग बोट पुन्हा ओळीवर आलं.

"शिडी घेऊन… न्हा-वी… न्हावी आला. आई, शेळीला उतरवायला न्हावी कशाला?"

उत्तर पुढच्या ओळीत होतं. ती तिकडे वळली.

बुधवारी सकाळी मोरीत, नळ सोडून, आईने हळूच स्वतःचं नाव उच्चारून पाहिलं. आवाज खणखणीत होता.

संध्याकाळी बिट्टी पुस्तक घेऊन आली. "बरा झाला घसा?"

आईने गळ्याभोवतीचा मफलर आवळला आणि मान हलवली, नाही.

"काही घशांना वेळ लागतो हो," सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा काढून खिडकीत ठेवून दिला.